लॉकनटवरची पिवळी रेघ

११ जानेवारी

चिमट्या,

पाकीट उघडलंस म्हणजे अर्धं काम झालं. वरचं अक्षर ओळखून तू ते तसंच चुलीत घालशील असं मला वाटत होतं. तुझा पत्ता त्या बेअरिंगवाल्याने दिला. तो तुझ्याकडेही माल टाकतो हे त्याच्या तोंडून चुकून निघालं, मग मी त्याला सोडलाच नाही. त्याच्यावर रागावू नकोस. तू स्वतःचं टर्बोचं दुकान टाकलंयस आणि बरं चाललंय, एवढंच सांगितलं त्याने. नऊ वर्षांत तुझ्याबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

इकडे सगळं तेच आहे. तोच पत्रा, तोच काळा हात, तोच कॉम्प्रेसरचा आवाज. माझा उजवा कान जवळजवळ गेलाय. गुडघे बोलतात. सकाळी शटर वर करताना वाटतं, आजच्या दिवसापुरतं कुणीतरी दुसऱ्याने करावं. पण दुसरं आहे कोण? आप्पांची नजर दोन वर्षांपासून गेल्यात जमा आहे. तरी रोज येऊन खुर्ची टाकून बसतात आणि आवाजावरून माझ्या चुका काढतात.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तुझी वहिनी आता बाकावर काम करते. हसू नकोस. तुझ्या जागेवर दोन माणसं आणून पाहिली, दोन्ही पळाली, मग तीच म्हणाली, "मी बसते, एवढं काय त्यात." आणि बसली. परवा तिने विचारलं, वेस्टगेट नेमकं करतं काय? मी समजवायला गेलो आणि अडखळलो. हे सगळं तूच छान सांगायचास.

मी म्हटलं, इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर टर्बोचं चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं पलीकडचं चाक इंजिनात हवा दाबून भरतं. हवा जास्त म्हणून जोर जास्त, जोर जास्त म्हणून धूर जास्त, धूर जास्त म्हणून चाक आणखी भन्नाट. याला कुठेतरी "पुरे" म्हणायला हवं, नाहीतर इंजिन फाटेल. ते "पुरे" वेस्टगेट म्हणतं. हवेचा दाब ठरल्याइतका झाला की तो रबरी नळीतून डबीत जातो, डबीतला पडदा स्प्रिंगला मागे रेटतो, दांडी सरकते, झडप उघडते आणि जास्तीचा धूर चाकाला न शिवता बाजूने निघून जातो.

ती म्हणाली, "म्हणजे तुमचा आवाज चढला की मी मागच्या दाराने भाजी आणायला जाते, तसंच ना?"

म्हटलं, हो बाई, तसंच.

मग ती म्हणाली, "मला माझा रंग हवा. फळीवर पिवळी बाटली नुसती पडून आहे, ती घेते." मी तिच्यावर ओरडलो. एवढ्या जोरात की आप्पा खुर्चीतून उठले. का ओरडलो ते तू विचारणार नाहीस, मला माहीत आहे. झालं ते झालं.

उत्तर टाक. दोन ओळी पुरतील.

दादा


२ फेब्रुवारी

चिमट्या,

उत्तर नाही. तेही ठीकच. मी तरी तुला नऊ वर्षांत कुठे काय लिहिलं होतं!

आप्पांना गेल्या आठवड्यात दवाखान्यात ठेवावं लागलं. चार दिवसांनी घरी आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय थकलंय, औषधं चालू ठेवा, पण फार पुढचा हिशेब करू नका. मी विचारलं, म्हणजे किती? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

तुला कळवायचं माझं काम होतं, ते केलं. यायचं की नाही ते तू ठरव. तू आलास तर ते काय म्हणतील, सांगता येत नाही. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगत होते, "दोन मुलं. एकाने कामात खोटेपणा केला, त्याला मी बाहेर काढला. पोटचा होता तरी काढला." अभिमानाने सांगत होते, चिमट्या. आयुष्यात एक अवघड गोष्ट नीट केली असं त्यांना वाटतं. मी तिथे उभा राहून त्यांचं संत्रं सोलत होतो.

तूही त्या दिवशी जरा ऐकून घ्यायला हवं होतंस. आप्पांचा नियम तुला ठाऊक होता. दांडीची लांबी पक्की धरणारा लॉकनट ज्याने आवळला त्याने नटावरून दांडीवर आपल्या रंगाची रेघ ओढायची. आप्पांची पांढरी, माझी लाल, तुझी पिवळी. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि दुसऱ्याच्या रेघेला कुणी हात लावायचा नाही. गाडी परत आली की रेघ बघायची, भांडायचं कारण नाही. त्या दाढीवाल्याच्या व्हॅनची दांडी दोन आटे आखूड निघाली आणि नटावर पिवळी रेघ अखंड होती. आप्पा दुसरं काय समजणार होते? तू एकच वाक्य धरून बसलास, "मी नाही केलं, मी नाही केलं." आणि मग माझ्याकडे बघत राहिलास.

मी काय बोलायला हवं होतं?

थंडी फार आहे. बोटं वाकत नाहीत. थांबतो.

दादा


१९ फेब्रुवारी

चिमट्या,

काल दुपारी आप्पा घरी झोपले होते, दुकानात आम्ही दोघंच. तुझी वहिनी एक दांडी लावत होती. हातपंपाने डबीत दाब भरायची, गेज बघायची, डायलचा काटा हलला की थांबायची, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, एकदा बघितलं ना, झालं की. ती म्हणाली, "भावजी दोनदा बघायचे."

मग ती उठली आणि खिळ्यावरची ती दांडी काढली. तुला माहीत नसेल. व्हॅनची ती दांडी आप्पांनी तेव्हापासून भिंतीवर टांगून ठेवलीय, नव्या माणसाला दाखवायला. येता-जाता मला ती दिसते. नऊ वर्षं दिसते.

तिने ती हातात फिरवली आणि म्हणाली, "मला एक कळत नाही. दांडी आखूड केली की झडप उशिरा उघडते, दाब चढतो, गाडीला ओढ येते. बरोबर? पण गिऱ्हाइकाशी बोलायचात तुम्ही. भावजी तर मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत कुणाकडे. मग गाडीला ओढ हवीय हे त्यांना सांगितलं कुणी?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

ती भिंतीकडे वळली. दांडी खिळ्याला लावली आणि कामाला बसली. घरी जाईपर्यंत एक शब्द नाही. तिला इतकं गप्प मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. जेवायला वाढलं, तेही ताटाकडे बघून.

मला झोप लागत नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? मेल्यासारखा झोपलो. सकाळी उठलो तर होतो त्याहून जास्त दमलेला.

दादा


२० फेब्रुवारी

चिमट्या,

कालचं पत्र टाकून आलो आणि दुकानात पाऊल ठेवल्यावर वाटलं, आता पुरे.

मी केलं.

तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असू दे.

तू ती दांडी सकाळी लावून, पिवळी रेघ ओढून, दुसऱ्या गाडीच्या खाली गेला होतास. दाढीवाला माझ्याकडे आला. म्हणाला, "शेठ, भरलेली गाडी चढावर रडते हो. जरा ओढ वाढवून द्या." मी म्हटलं, बघतो. तो चहा प्यायला गेला. मला त्याला खूश करायचं होतं, बाकी काही नाही. तुझं काम सगळे वाखाणायचे. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "धाकटे आहेत का?" मला वाटलं, आज हा माझं नाव घेईल.

तुझा नट सैल केला, दांडी दोन आटे आवळली. गेज लावला नाही. रेघ तुटली. थिनरच्या बोळ्याने पुसली. आता माझी लाल रेघ ओढायची तर आप्पा विचारणार, धाकट्याच्या नटाला हात का लावलास? आप्पा तेव्हा दारातच होते. तुझी बाटली उघडी पडली होती. मी पिवळी ओढली.

विचार करून केलं नाही रे. दोन मिनिटांचं काम. पुढे असं काही होईल हे डोक्यातच नव्हतं.

चौथ्या दिवशी भरल्या गाडीने तो चढ चढत होता. पिस्टनला भोक पडलं, इंजिन जागच्या जागी बंद. भरल्या गाडीला ब्रेक पुरेना, ती मागे घसरायला लागली. आत माणसं होती म्हणून तो उडी टाकून चाकामागे दगड लावायला धावला. माणसं वाचली. त्याचा पाय चाकाखाली गेला.

आप्पांनी तुला विचारलं, "मग ही पिवळी रेघ कुणाची?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "पिवळी तर तुझीच असते." एवढंच. शब्दाला शब्द लावला तर त्यात खोटं काही नव्हतं. आप्पांनी तुझी हत्यारांची पेटी उचलून रस्त्यावर ठेवली, आणि ती उचलायला मी तुला मदत केली. पेटीचा एका बाजूचा कान मी धरला होता. आठवतंय ना? तू माझ्या हातातून तो ओढून घेतलास.

मी नीच वागलो. दुसरा शब्द नाही. माफी मागायलाही लाज वाटते, पण मागतो.

दादा


१४ मार्च

चिमट्या,

तुझं कार्ड आलं. नऊ वर्षांनी एक ओळ: "त्या ड्रायव्हरला सांगितलंस का?"

खरं सांगतो, आधी मला रागच आला. म्हटलं, एवढं काळीज काढून लिहिलं आणि हा विचारतो काय, तर ड्रायव्हर! दोन दिवस कार्ड खिशात घालून फिरलो. मग डोक्यात उजेड पडला. ज्याला सगळं आधीच माहीत होतं त्यालाच मी सांगून बसलो होतो. ज्यांना माहीत नाही, त्यांच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं.

काल गेलो. दाढीवाला आता वजनकाट्यावर बसतो, ट्रकचे नंबर लिहितो. दाढी पांढरी झालीय. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. मला ओळखलं आणि खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलून उठलो असतो. उभ्याने सगळं सांगितलं. मधे दोन ट्रक आले. त्याने त्यांचे नंबर लिहून घेतले आणि म्हणाला, "हं, पुढे."

सांगून झाल्यावर तो पेनचं टोपण लावत-काढत बसला. मग म्हणाला, "तुमचा भाऊ दवाखान्यात आला होता. माझ्या खाटेशी उभा राहून म्हणाला, रंग माझा आहे, पण हात माझा नाही. मी त्याला हाकलला. सगळ्या वॉर्डासमोर. म्हटलं, पाय गेला माझा आणि तू हात झटकतोस?"

तू गेला होतास हे मला माहीत नव्हतं, चिमट्या.

तो म्हणाला, "नऊ वर्षं मी त्या पोराच्या नावाने बोटं मोडतोय. आता ते परत कसं घ्यायचं सांगा." मग म्हणाला, "ओढ वाढवा असं म्हणालो होतो मीच." मी म्हटलं, तुम्ही मागितलंत, पण द्यायची नाही हे मला कळत होतं. त्याने वही ओढून पुढचं पान काढलं. मी निघालो तेव्हा म्हणाला, "मला त्याचा पत्ता द्या. मी लिहीन. तुम्ही परत येऊ नका."

पत्ता दिला. तेवढं चालेल ना?

आप्पा राहिलेत. तुझी वहिनी म्हणते, "आज सांगा. उद्या ते असतील-नसतील." तिला मी कालच सांगितलं. ती म्हणाली, "ते मला त्या दांडीनेच सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगताय ते बघत होते."

दादा


१८ मार्च

चिमट्या,

सांगितलं. परवा, सकाळी, दुकान उघडायच्या आधी, घरी, त्यांच्या खाटेशी बसून.

ते ओरडतील, ऊर बडवतील, त्यांना काही होईल, या भीतीने औषधाची गोळी हातात धरून बसलो होतो. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. सगळं ऐकून म्हणाले, "ती दांडी आण."

दुकानात जाऊन आणली. त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "थिनरने पुसली होतीस?"

"हो."

"तरीच. कडेला खरखरीत लागायचं. मला वाटायचं, धाकटाच गबाळा." मग दांडी छातीवर ठेवून पडून राहिले. म्हणाले, "मी त्याला साधं गेज लावून दाखव असंही म्हटलं नाही रे. रंग बघितला आणि पेटी उचलली." डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं, पुसलं नाही. मी पुसायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

दुपारी दुकानात यायचंच म्हणाले. आम्ही दोघांनी धरून आणलं. खुर्चीत बसल्यावर त्यांनी माझी लाल बाटली मागितली आणि जमिनीवर ओतली. म्हणाले, "आजपासून नट तू आवळ. गेज ती लावेल, रेघ ती ओढेल. हिरवी." तुझ्या वहिनीने मान हलवली. मीही हलवली. काल दिवसभर माझ्या प्रत्येक नटावर बायकोने रेघ ओढली. दोन परत सोडायला लावले. खरं तर बरोबर होते, पण ती म्हणाली, "दोनदा बघायचं." मी सोडले.

पिवळी बाटली फळीवरच आहे. रंग वाळून दगड झाला होता. तिने नवा आणून भरलाय.

आता आप्पांनी सांगितलेलं लिहितो. मी लिहायला घेतलं होतं, "आप्पांनी तुला बोलावलंय." ते म्हणाले, "खोड ते. बोलावणारा मी कोण? त्याला विचार, मी आलो तर चालेल का. बाहेर मी काढलाय, दारात मला जायला हवं." मी म्हटलं, आप्पा, एवढा प्रवास तुम्हाला झेपणार नाही. म्हणाले, "तुला विचारलं नाही." तर चिमट्या, ते विचारतायत, आलो तर चालेल का. नाही म्हणालास तरी तुझं चूक नाही, असंही लिही म्हणाले. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, गाडीत झोपवून न्या, आणि लवकर न्या.

गाडी तुझी वहिनी चालवेल. तू सांगितलंस तर मी इथेच थांबेन, शटर उघडून बसेन. यावर माझा काही हक्क नाही.

हे पत्र तुझी वहिनी आता त्यांना मोठ्याने वाचून दाखवेल. मगच पाकीट बंद होईल. पाकिटाच्या जोडावरून आप्पा स्वतःच्या हाताने पांढरी रेघ ओढणार आहेत, नटावर ओढायचे तशी, म्हणजे त्यांनी ऐकलं तेच आत आहे हे तुला कळावं. पांढरी बाटली आता त्यांच्या खिशात असते. झोपतानाही काढत नाहीत. मी जवळ गेलो की खिशावर हात ठेवतात.

रेघ वाकडी दिसेल. हात फार कापतो त्यांचा. तशी रेघ मला जन्मात ओढता येणार नाही, म्हणून तुला ती ओळखू येईल. पाकीट फोडण्याआधीच ती तुटलेली असेल, तर यातलं काही खरं धरू नकोस.

दादा